चँडलर ते मुंबई : दीड लाख कोटी वाटा

ॲरिझोनातल्या चँडलरहून मुंबईला जायचं तर पूर्वेकडे निघावं की पश्चिमेकडे? पृथ्वीचा गोल समोर ठेवून पाहिलं तर उत्तर येतं : उत्तरेकडे. चँडलरकरांचा नेहमीचा विमानतळ म्हणजे फिनिक्सचा स्काय हार्बर. तो ११२ अंश पश्चिम रेखांशावर आहे आणि मुंबईचा विमानतळ जवळजवळ ७३ अंश पूर्व रेखांशावर. बेरीज केली तर १८५. म्हणजे ही दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत. त्यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा कॅनडावरून वर चढते, उत्तर ध्रुवापासून जेमतेम साडेपाचशे किलोमीटरवरून जाते आणि सायबेरिया, मध्य आशिया, काश्मीर ओलांडून मुंबईत उतरते. तिची लांबी सुमारे १४,१५० किलोमीटर.

घड्याळातही हेच दिसतं. ॲरिझोनाचा बहुतेक भाग उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे चँडलर आणि पुणे यांच्यातलं अंतर वर्षभर साडेबारा तासांचंच राहतं. इकडे मध्यरात्र, तेव्हा तिकडे दुपारचे साडेबारा. याहून फार लांब जायला पृथ्वीवर जागाच कमी आहे.

आई-बाबा आणि दोन मुलं अशा चौघांच्या घराची एक भारतवारी घेऊ. सरळ रेषेत मोजलं तरी माणशी जाऊन-येऊन २८,३०० किलोमीटर होतात. चौघांचे मिळून १,१३,२००. विषुववृत्तावरून पृथ्वीला घातलेल्या पावणेतीन प्रदक्षिणांहून हे जास्त आहे. एका कुटुंबाची आजी-आजोबांशी एक भेट, आणि तिच्यासाठी एवढा प्रवास.

पण या लेखातला सर्वांत मोठा आकडा किलोमीटरांचा नाही. तो आहे, हे एक तिकीट किती प्रकारांनी काढता येतं याचा.

वाटांची मोजणी

फिनिक्सहून भारतात थेट विमान नाही. ती ध्रुवाजवळची रेषा नकाशावरच राहते, प्रवासी लंडनवरून जातो, नाहीतर न्यू यॉर्क, शिकागो, फ्रँकफर्ट, दुबई, दोहा, अगदी सिंगापूरवरूनसुद्धा. ठिकाणं समोरासमोर असल्यामुळे दोन्ही दिशा खुल्या राहतात. लंडनमार्गे साधारण १५,७०० किलोमीटर पडतात, पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को आणि सिंगापूरमार्गे साडेअठरा हजारांच्या आसपास. आणि पुष्कळदा असं होतं की लांबची वाट स्वस्त निघते आणि जवळची महाग. विमानाचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही, हे इथेच लक्षात येतं.

आता मोजायला बसू. आकडे आपणच धरू, आणि मुद्दाम माफक धरू. जायला एका महिन्यातली कोणतीही तारीख चालेल आणि यायलाही दुसऱ्या महिन्यातली कोणतीही. म्हणजे ३० गुणिले ३०, तारखांच्या ९०० जोड्या झाल्या. एका दिवशी दोन शहरांमध्ये जायच्या शंभर वाटा धरल्या (वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी विमानं, मध्ये थांबायची वेगवेगळी ठिकाणं) आणि यायच्याही शंभर, तर त्यांच्या जोड्या १०,०००. तारखांशी गुणाकार केला की ९० लाख.

निघायला फिनिक्सच्या जोडीला लॉस एंजेलिस, लास व्हेगास आणि सॅन फ्रान्सिस्को चालणार असेल, आणि उतरायला मुंबईच्या जोडीला पुणे, गोवा आणि हैदराबाद, तर शहरांच्या जोड्या १६ होतात. ९० लाख गुणिले १६ म्हणजे १४ कोटी ४० लाख.

इथपर्यंत फक्त वाटा मोजल्या, भाडं अजून आलेलंच नाही. एकाच विमानातल्या एकसारख्या इकॉनॉमी खुर्च्या वेगवेगळ्या भाड्यांच्या वर्गांत विकल्या जातात आणि त्या वर्गांना इंग्रजी अक्षरांची नावं असतात. इकॉनॉमीचे दहाच वर्ग धरू. जाताना दोन विमानं, येताना दोन, अशी चार विमानं, आणि प्रत्येकात दहा शक्यता. त्यांचा गुणाकार १०,०००. शेवटचा आकडा येतो १ लाख ४४ हजार कोटी.

दर सेकंदाला एक पर्याय तपासायला बसलो, झोपलो नाही, जेवलो नाही, तर सगळे पर्याय पाहून व्हायला साडेपंचेचाळीस हजार वर्षं लागतील. माणसाने शेती सुरू केली त्याला बारा हजारांच्या आसपास वर्षं झाली आहेत. यातले पुष्कळ पर्याय कंपन्यांच्या नियमांमुळे बाद होतात हे खरं, पण कोणते बाद होतात हे कळण्यासाठी नियम वाचावे लागतात, आणि तीच खरी अवघड गोष्ट आहे.

ती किती अवघड आहे, हे कार्ल डी मार्केन या संगणकशास्त्रज्ञांनी २००३ साली गणिताने मांडलं. ते मॅसॅच्युसेट्समधल्या आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीत होते. विमानं आधीच ठरवून दिली आणि फक्त त्यांचं सर्वांत स्वस्त भाडं काढायला सांगितलं, तरी तो प्रश्न संगणकशास्त्रातल्या अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात बसतो, हे त्यांनी दाखवलं. विमानं निवडायचीही मोकळीक दिली आणि भाड्यांचे नियम शब्दशः घेतले, तर सर्वांत स्वस्त तिकीट नेहमी हमखास शोधून देईल असा प्रोग्रॅम तत्त्वतःच लिहिता येत नाही. संगणक कितीही वेगवान आणला तरी नाही. हीच कंपनी पुढे गूगलने ७० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. २०१० साली घोषणा झाली, २०११मध्ये व्यवहार पुरा झाला आणि त्याच वर्षी गूगल फ्लाइट्स सुरू झालं. पडद्यावर दोन-तीन सेकंदांत उमटणारी भाड्यांची यादी म्हणजे या अफाट जंगलातला अतिशय हुशारीने निवडलेला एक कोपरा असतो. तो बहुतेक वेळा चांगला कोपरा असतो, पण संपूर्ण जंगल नव्हे.

दोन स्मिथ आणि एक लाख ट्रान्झिस्टर

हे सगळं हाताने चालायचं तेव्हाची गोष्ट. १९५०च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सच्या आरक्षण केंद्रात गोल फिरणाऱ्या फायलीभोवती कारकून बसत, कार्डं काढत, त्यांवर खुणा करत. एक आरक्षण पुरं व्हायला सरासरी दीड तास लागे. १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या विमानात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांचं आडनाव एकच निघालं. एक होते सी. आर. स्मिथ, अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष. दुसरे ब्लेअर स्मिथ, आयबीएमचे विक्री अधिकारी. त्या गप्पांमधून ‘सेबर’ नावाची यंत्रणा उभी राहिली. न्यू यॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर इथे आयबीएम ७०९० जातीचे दोन संगणक बसले आणि १९६४पर्यंत कंपनीचं देशभरातलं आरक्षण त्यांच्यावर आलं. दीड तासाचं काम काही सेकंदांवर आलं.

त्या एका संगणकात सुमारे ५० हजार ट्रान्झिस्टर होते, म्हणजे दोन्हींत मिळून लाखभर. आज चँडलरच्या दक्षिणेला इंटेलच्या ओकोटिलो परिसरात बनणाऱ्या नखाएवढ्या चिपवर कोट्यवधी, अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. इंटेल या गावात १९८०पासून आहे आणि अनेक मराठी कुटुंबं इथे आली ती याच उद्योगाच्या ओढीने. ज्या चिपांसाठी माणसं घर सोडून साता समुद्रापार आली, तशाच चिपा घरी परतायची वाट शोधायला कामी येतात.

भाडं मोकळं झालं

पण यंत्र वेगवान झाल्याने भाडी गुंतागुंतीची झाली नाहीत. ती झाली कायद्याने. १९३८पासून अमेरिकेत कोणत्या कंपनीने कुठे उडायचं आणि किती भाडं घ्यायचं, हे सरकारी मंडळ ठरवत असे. २४ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रण उठवण्याच्या कायद्यावर सही केली आणि ही चाळीस वर्षांची घडी मोडली. नव्या कंपन्या उगवल्या. त्यांतली एक चँडलरच्या शेजारच्या टेंपी गावातली. ‘अमेरिका वेस्ट’ने १ ऑगस्ट १९८३ला फिनिक्सहून उड्डाणं सुरू केली. २००५मध्ये ती यूएस एअरवेजमध्ये मिसळली आणि २०१३मध्ये ती दोन्ही अमेरिकन एअरलाइन्समध्ये. स्काय हार्बरवर आज अमेरिकनची एवढी विमानं दिसतात, त्याचं मूळ या टेंपीच्या कंपनीत आहे.

त्याच काळात ‘पीपल एक्स्प्रेस’ ही कंपनी इतकी स्वस्त तिकिटं विकू लागली की जुन्या कंपन्यांचे धाबे दणाणले. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी जानेवारी १९८५मध्ये उत्तर दिलं. त्यांनी सगळीच भाडी पाडली नाहीत. ज्या खुर्च्या नाहीतरी रिकाम्या जाणार होत्या, तेवढ्याच पीपल एक्स्प्रेसच्या भावाने काढल्या, त्याही आधी तिकीट काढण्याच्या अटीवर. घाईच्या प्रवाशासाठी उरलेल्या खुर्च्यांचं भाडं चढंच ठेवलं. कोणत्या विमानात अशा किती खुर्च्या काढायच्या, हे संगणक ठरवू लागला. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस संपली. या पद्धतीने तीन वर्षांत १४० कोटी डॉलरचा फायदा झाल्याचं अमेरिकनच्या तज्ज्ञांनी पुढे, १९९२ साली, प्रसिद्ध केलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधं सूत्र आहे. बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी ते १९७२ साली मांडलं. समजा एका खुर्चीचं स्वस्त भाडं ६०० डॉलर आहे आणि शेवटच्या दिवसांत येणारा घाईचा प्रवासी २,००० डॉलर देईल. ६०० भागिले २,००० म्हणजे ३० टक्के. त्या खुर्चीसाठी २,००० देणारा माणूस येण्याची शक्यता ३० टक्क्यांहून जास्त वाटली, तर स्वस्त विक्री बंद. कमी वाटली, तर चालू. प्रत्येक विमानासाठी, विक्रीच्या प्रत्येक दिवशी हा हिशेब पुन्हा मांडला जातो.

मंडईत संध्याकाळ झाली की मेथीची जुडी स्वस्त होते, कारण उद्या ती सुकणार. विमानाची खुर्चीसुद्धा दार बंद होताक्षणी मातीमोल होते, तरीही शेवटच्या तासाला ती महाग असते. कारण संध्याकाळी मंडईत येणारा माणूस भाजीवाचून एक दिवस काढू शकतो. वडील अतिदक्षता विभागात आहेत असा फोन आलेला मुलगा थांबू शकत नाही, आणि हे यंत्राच्या आकडेवारीत बसलेलं असतं. यंत्राला त्याचं नाव ठाऊक नसतं, पण ‘शेवटच्या तीन दिवसांत तिकीट काढणारा’ हा गट त्याला चांगला ठाऊक असतो.

साडेतीन कोटी विमानं, सात डॉलर

२०१९ साली जगभरात सुमारे ३ कोटी ८९ लाख उड्डाणं झाली आणि त्यांतून जवळजवळ ४५० कोटी प्रवासी गेले. भारताच्या लोकसंख्येच्या तिपटीहून ही संख्या जास्त आहे. बहुतेक मोठ्या कंपन्या उड्डाणाच्या ३३० ते ३६० दिवस आधी विक्री उघडतात. सगळ्यांनीच तसं केलं असं धरलं, तर कोणत्याही क्षणी साडेतीन कोटी उड्डाणं एकाच वेळी विक्रीला असतात. प्रत्येकाचे दहा वर्ग धरले तर ३५ कोटी कप्पे, आणि त्यातला प्रत्येक कप्पा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. काल रात्री पाहिलेलं भाडं सकाळी का नाही, याचं उत्तर एवढ्यात आहे. कोणी तुमच्यावर डूख धरलेला नसतो. कप्प्यातली शेवटची खुर्ची गेलेली असते, किंवा यंत्राचा अंदाज बदललेला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा आकडा त्याहून चक्रावणारा आहे. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, आयाटाने, जून २०२५मध्ये त्या वर्षाचा अंदाज दिला : एका प्रवाशामागे निव्वळ नफा ७ डॉलर २० सेंट. २०२४मध्ये जगभरातल्या खुर्च्यांपैकी सरासरी ८३.५ टक्के भरल्या होत्या, आणि तो विक्रम होता. ३५० खुर्च्यांच्या विमानाला या दोन्ही सरासऱ्या लावून पाहू. प्रवासी २९२, नफा सुमारे २,१०० डॉलर. म्हणजे शेकडो टनांचं विमान, कित्येक टन इंधन, वैमानिक, कर्मचारी, दोन विमानतळ, आणि सगळं करून हाती उरलं ते घाईच्या एका तिकिटाएवढं. म्हणूनच कंपन्या एकेका खुर्चीसाठी एवढा हिशेब करतात.

भाडं वर-खाली होण्याची कारणं विमानाबाहेरचीही असतात. २०२२पासून रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, आणि फिनिक्स-मुंबईची सर्वांत जवळची रेषा तर सायबेरियावरूनच जाते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्या. लांब फेरी म्हणजे जास्त इंधन आणि त्याच विमानाच्या कमी खेपा. उलट बाजूने, वर्षानुवर्षं एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर तगलेल्या मुंबईला आता जोड मिळाली आहे. या एका विमानतळाने ११ नोव्हेंबर २०२३ला एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा सांभाळली होती. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि पहिल्या टप्प्यात त्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. खुर्च्या वाढल्या की यंत्राला त्या विकाव्याच लागतात, आणि स्वस्त कप्पे थोडे मोठे होतात.

यंत्राशी यंत्राची झुंज

कंपनीकडे यंत्र आहे, तर प्रवाशाकडे का नसावं? वॉशिंग्टन विद्यापीठाचे ओरेन एत्झिओनी यांना हा प्रश्न पडला तो विमानातच. भावाच्या लग्नाला जाण्यासाठी त्यांनी पुष्कळ आधी तिकीट काढलं होतं. शेजारच्या प्रवाशांना विचारलं तर नंतर काढणाऱ्यांनी कमी पैसे दिलेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ४१ दिवसांत भाड्यांच्या १२ हजार नोंदी गोळा केल्या आणि ‘आता घ्या’ की ‘थांबा’ हे सांगणारा प्रोग्रॅम बांधला. २००३ साली त्यांनी निकाल मांडला : ३४१ काल्पनिक प्रवाशांचे मिळून १,९८,०७४ डॉलर वाचले. पुढचं प्रत्येक भाडं आधीच ठाऊक असलेल्या एखाद्या त्रिकालज्ञानेही ३,२०,५७२ डॉलरच वाचवले असते. म्हणजे थोड्याशा नोंदींवरून त्रिकालज्ञाच्या ६२ टक्के मजल मारता आली.

त्यातून ‘फेअरकास्ट’ ही कंपनी निघाली आणि २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने ती घेतली. २०१२पर्यंत तिच्याकडे जवळजवळ २० हजार कोटी भाड्यांच्या नोंदी होत्या, म्हणजे सुरुवातीच्या १ कोटी ६७ लाख पट. तरीही अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण होतं चारातले तीन. नोंदी पावणेदोन कोटी पटींच्या जवळ गेल्या, खात्री मात्र आली नाही. कारण समोरचं यंत्रही शिकत असतं.

मग तिकीट कधी काढायचं?

इतके आकडे पाहिल्यावर ‘मंगळवारी रात्री काढा, स्वस्त मिळतं’ हा सल्ला किती तोकडा आहे हे दिसतं. गूगलने २०२२मध्ये पाच वर्षांच्या भाड्यांवरून सांगितलं की मंगळवार ते गुरुवार या दिवसांत बुकिंग करणं शनिवार-रविवारपेक्षा सरासरी १.९ टक्क्यांनीच स्वस्त पडतं. पण सोमवार ते बुधवार या दिवसांत *प्रवास* करणं शनिवार-रविवारपेक्षा १२ टक्क्यांनी स्वस्त. तिकीट माणशी १,४०० डॉलर धरलं तर पहिल्यातून सुमारे २७ डॉलर वाचतात आणि दुसऱ्यातून १६८. चौघांचे ६७२.

या लेखाचं सांगणं एवढंच आहे. दीड लाख कोटी वाटांच्या या खेळात बुकिंगचा वार, रात्रीची वेळ, ब्राउझर बदलणं यांत शक्ती घालवू नये. प्रवाशाच्या हातात खरी ताकद एकाच गोष्टीची आहे : प्रवासाची तारीख. ती थोडी सैल करता आली, तर लिटलवूडचं सूत्रच तुमच्या बाजूने काम करू लागतं. ज्या दिवशी घाईचे प्रवासी कमी, त्या दिवशी स्वस्त कप्पा मोठा.

आणि इथे चँडलरच्या मराठी घरांचं नशीब जोरावर आहे. अमेरिकेतल्या बहुतेक भारतीय कुटुंबांची गर्दी दोन वेळा उसळते : शाळा सुटल्यावर जूनमध्ये आणि नाताळच्या सुट्टीत. परतीची गर्दी ऑगस्टमध्ये आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. चँडलर युनिफाइड या शाळा-जिल्ह्याचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. शाळा मे महिन्यातच सुटते आणि जुलैत सुरू होते. न्यू जर्सीतली शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटते, तोवर चँडलरचं मूल आजोळी आंबे खाऊन पावसाची वाट पाहू शकतं, आणि ऑगस्टच्या परतीच्या लोंढ्याआधीच माघारी येतं. शिवाय इथल्या मुलांना सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दोन आठवड्यांची सुट्टी मिळते. पुष्कळ वर्षी याच सुमारास नवरात्र असतं. उत्तर अमेरिकेतली बहुतेक मुलं तेव्हा वर्गात असतात आणि विमानात जागा असते. आई-वडिलांना दोन आठवड्यांची रजा मिळवता आली, तर वर्षातली स्वस्त भारतवारी इथे लपलेली आहे.

मार्चच्या सुट्टीत सावध राहावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये १५ व्यावसायिक बेसबॉल संघ सरावासाठी फिनिक्सच्या परिसरात येतात, थंडी चुकवणारे पाहुणेही असतात, आणि स्काय हार्बरवरचं पहिलंच विमान महाग होतं.

आता राहिलं किती आधी काढायचं ते. गर्दीच्या हंगामात यंत्राचा अंदाज आधीपासूनच चढा असतो, स्वस्त कप्पे लहान असतात आणि लवकर मिटतात. म्हणून जून किंवा डिसेंबरचा प्रवास पाच-सहा महिने आधी ठरवावा. ऑक्टोबरसारख्या शांत काळात दोन-तीन महिने आधी पाहिलं तरी चालतं. पटेल असं भाडं दिसलं की घ्यावं. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम इथे पाठीशी आहे. प्रवासाला सात किंवा अधिक दिवस असताना थेट विमान कंपनीकडून तिकीट घेतलं, तर २४ तास भाडं राखून ठेवण्याची किंवा २४ तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करण्याची सोय कंपनीला द्यावी लागते. आधी तिकीट घ्यावं आणि मग एक दिवस निवांत तुलना करावी. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाला हा नियम लागू असेलच असं नाही, ते आधी विचारून घ्यावं.

चौघांचं तिकीट शोधताना आणखी एक गोष्ट करून पाहावी. स्वस्त कप्प्यात तीनच खुर्च्या उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर यंत्रणा साधारणपणे चौघांनाही वरच्या भाड्यात ढकलते. खालचं भाडं १,२०० आणि वरचं १,४५० असेल, तर चौघं एकत्र ५,८०० होतात आणि तीन अधिक एक असे वेगळे काढले तर ५,०५०. फरक ७५० डॉलर. म्हणून एकासाठी, दोघांसाठी, चौघांसाठी असं वेगवेगळं शोधून पाहावं. तिकिटं वेगळी काढली तर कंपनीला फोन करून ती एकमेकांना जोडून घ्यावीत, म्हणजे विमान चुकलं तर मुलं एका विमानात आणि आई दुसऱ्यात असं होत नाही.

लॉस एंजेलिसहून निघणंही पुष्कळदा स्वस्त दिसतं. ते चँडलरहून मोटारीने सहा तासांवर आहे. तिथपर्यंतचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं आणि ते उशिरा पोचलं, तर पुढच्या कंपनीवर काहीच बंधन नसतं. मध्ये एक रात्र ठेवायची तयारी असेल तरच हा मार्ग धरावा, आणि त्या रात्रीच्या हॉटेलचे पैसे हिशेबात आधीच घालावेत.

जवळच्या सहलीसाठी प्रश्न उलटा विचारावा. ‘अमुक गावाला किती लागतात?’ याऐवजी ‘या तारखांना कुठे स्वस्त जाता येईल?’ गूगल फ्लाइट्सवर गाव रिकामं सोडून नकाशाच पाहता येतो. चँडलरच्या पूर्वेला, जुन्या विल्यम्स हवाई दलाच्या तळावर आता मेसा गेटवे विमानतळ आहे. तिथून अलीजंट या कंपनीची विमानं लहान शहरांना आठवड्यातून मोजकेच दिवस जातात. भाडं कमी असतं, पण सामान आणि खुर्ची निवडायचे पैसे वेगळे, तेव्हा तुलना सगळं मिळवूनच करावी.

शेवटचा गुणाकार. तारीख सैल ठेवून दर वेळी १२ टक्के वाचवता आले, तर आठ भारतवाऱ्या जवळजवळ सात वाऱ्यांच्या खर्चात होतात. वर्षाआड जाणाऱ्या घराला सोळा वर्षांत एक जादा वारी मिळते, आणि सोळा वर्षं म्हणजे एका मुलाचं जवळजवळ सगळं बालपण. आजी-आजोबा सत्तरीत असतील, तर त्या एका जादा भेटीचं मोल डॉलरमध्ये होत नाही. दीड लाख कोटी वाटा यंत्राने शोधाव्यात. कोणत्या तारखेला निघायचं, हे घरातल्यांनी रजेचा अर्ज करण्याआधी, शाळेचं वेळापत्रक आणि दिनदर्शिका शेजारी-शेजारी ठेवून ठरवावं. पैसे वाचतात ते तिथेच.